सत्काराच्या दिवशी तिला शेगडीपाशी उभं करू नका

पत्र:

ताई, नमस्कार.

मी एका लहान शहरातल्या सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी एकोणिसाव्या वर्षी गाव सोडून गेली. आज ती परदेशात नावाजलेली शेफ आहे. स्वतःचं रेस्टॉरंट आहे, दोन पुस्तकं आहेत आणि दोन्ही गाजलेली आहेत. बत्तीस वर्षांनी ती पहिल्यांदाच आठ दिवसांसाठी येतेय. वडिलांचं घर विकायचं आहे, त्याच्या कागदपत्रांसाठी. वाचनालयाने तिचा जाहीर सत्कार करायचं ठरवलं आणि अकरा जणांची समिती झाली. तिथून डोकेदुखी सुरू.

समितीतल्या बहुतेकांना वाटतं की तिने स्टेजवर एखादा पदार्थ करून दाखवावा आणि नंतर चारशे लोकांचं जेवण तिच्या देखरेखीखाली, तिच्याच पुस्तकातल्या पदार्थांचं व्हावं. एका ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं, ‘स्वयंपाक तर घरोघरी बायका करतातच, त्याचा सत्कार कसला?’ दुसरे एक जण वेगळ्याच कारणाने नाराज आहेत. तिच्या पहिल्या पुस्तकात गावावर एक प्रकरण आहे. शाळा सुटल्यावर ती एका खानावळीत भांडी घासायची आणि वर्गातली मुलं त्यावरून हसायची, हे तिने त्यात लिहिलंय. या गृहस्थांच्या मते जिने गावाची अशी बदनामी केली तिला मानपत्र द्यायची गरज नाही. द्यायचंच तर त्या प्रकरणाचा उल्लेख टाळून.

काय करावं?

ता. क. त्या प्रकरणात नाव नाहीये, पण वर्गात आम्ही तिला ‘घासणी’ म्हणायचो. ते नाव मी ठेवलं होतं. सत्काराच्या भाषणात सगळ्यांसमोर माफी मागावी असं मनात आहे. योग्य होईल का?

उत्तर:

कार्यवाह महाशय, अख्खं पत्र तुम्ही ताज्या कलमात लिहिलंत आणि वरची दीड पानं त्यावर झाकण म्हणून ठेवलीत. त्या झाकणाखाली मी जाणार आहे, पण आधी स्टेजवरची शेगडी उचलून ठेवू. ती तिथे राहिली तर बाकी काहीच धड होणार नाही.

अकरा जणांची मतं तुम्ही मला कळवलीत. बाराव्या माणसाचं मत पत्रात कुठेच नाही. तिला कुणी विचारलंय का? ‘आम्ही तुमचा सत्कार करणार आहोत’ हे कळवणं आणि ‘तुम्हाला आवडेल का, कसा आवडेल’ हे विचारणं, यातला फरक आपल्या समित्यांना फारसा जाणवत नाही. सत्कार म्हणजे आपण देणारे आणि समोरचा घेणारा, मग घेणाऱ्याला काय विचारायचं, असा एकूण भाव असतो. ती घर विकायला येतेय. बत्तीस वर्षं बंद असलेली कपाटं उघडायला लागणार आहेत तिला. त्या आठ दिवसांतली एक संध्याकाळ तुम्ही मागताय, आणि लांबचा प्रवास करून आलेल्या माणसाचे पहिले दोन दिवस तर झोपेचा हिशेब जुळवण्यातच जातात. तेव्हा पहिलं पत्र तिला जाऊ दे. त्यात दोन-तीन तारखा द्या आणि किती वेळ, किती लोक, काय अपेक्षा, हे स्पष्ट लिहा. ‘नको वाटलं तर नि:संकोच सांगा’ हे वाक्य घाला आणि ते खरं माना.

आता स्वयंपाक. गायकाचा सत्कार असला की ‘दोन ओळी तरी होऊ द्या’ असा आग्रह होतोच. गायक हसून गातो आणि गाडीत बसल्यावर चरफडतो. पण गायकाला निदान गळा सोबत आणता येतो. शेफचं स्वयंपाकघर सोबत येत नाही. तिच्या सुऱ्या, तिची आच, तिच्या हाताखालची माणसं, बाजूलाच वाहतं पाणी, हात पुसायचा कोरडा कपडा, हे सगळं असताना जे सहज होतं ते स्टेजवर, भाड्याच्या एका शेगडीवर, वर पंखा गरगरत असताना आणि पुढे चारशे फोन उगारलेले असताना होत नाही. ज्योत पंख्याने फडफडते. भांडं तापत नाही. निवेदक विचारतो, ‘मॅडम, झालं का?’ हा प्रकार मी एकदा डोळ्यांनी पाहिलाय. बिचाऱ्या पाहुण्याने शेवटी अर्धाकच्चा पदार्थ झाकून ठेवला आणि टाळ्या घेतल्या. त्या टाळ्यांची त्याला किती लाज वाटली, हे त्याच्या मानेवर दिसत होतं.

तिने स्वतःहून म्हटलं, ‘मला काहीतरी करायला आवडेल,’ तर गोष्ट वेगळी. मग तो सत्काराचा भाग करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी बारा-पंधरा जणांसाठी एक वर्ग ठेवा. तिथे समितीचे सभासद नकोत. केटररकडे काम करणारी पोरं, खानावळी चालवणाऱ्या बायका, या धंद्यात येऊ पाहणारे विद्यार्थी बसवा. आणि त्या वर्गाचं मानधन द्या. ‘आपल्याच गावची आहे, पैसे काय मागणार’ हे वाक्य समितीत कुणी उच्चारलं तर मिनिटबुकात लिहून ठेवा, म्हणजे त्यांनाच नंतर वाचून कसंतरी होईल.

चारशे जणांना तिच्या पुस्तकातले पदार्थ खिलवायची कल्पना ऐकायला गोड आहे, पण ती तिला सगळ्यात जास्त छळेल. तिची कृती चार जणांची असणार. तुमचा केटरर तिला शंभराने गुणणार. इथे भूमिती आडवी येते. त्याच आकाराचं भांडं शंभरपट मोठं केलं तर आतला ऐवज शंभरपट होतो, पण वरचा उघडा पृष्ठभाग जेमतेम साडेएकवीस पट. वाफ जाते ती पृष्ठभागावरून. म्हणजे घरी दहा मिनिटांत जो रस्सा आटतो तो तिथे पाणीदारच राहतो. मग केटरर आच वाढवतो, तळ लागतो, वरून पीठ लावून दाटपणा आणतो. मीठ-मसाले सरळ गुणून घातले तर खारट-तिखट होण्याची भीती असते, म्हणून जाणता आचारी आधी कमीच घालतो आणि चाखत वाढवतो. जे पुस्तकात लिहिलंय ते चारशेच्या पंक्तीत तसंच उतरवायचं तर आधी दोन-तीनदा करून बघावं लागतं, आणि तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. शिवाय ते बिघडलं तर कुणाचं बिघडलं? पाटीवर नाव तिचं.

तेव्हा तुमच्या केटररला जे उत्तम जमतं तेच करू द्या, निगुतीने. चांगला शेफ दुसऱ्याच्या हातचं साधं, नीट केलेलं जेवण जितक्या आवडीने खातो तितकं दुसरं काही खात नसेल. त्याला ते मिळतच नाही. रेस्टॉरंट चालू असताना चमच्या-चमच्याने चाखायचं आणि रात्री उशिरा उभ्याने काहीतरी पोटात ढकलायचं, अशीच या लोकांची बरीचशी वर्षं जातात.

जेवणाबद्दल अजून एक गोष्ट, आणि ही तुमच्या भाषणांशी जोडलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम असा की शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. गरम ठेवायचं तर ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली. आता तुमच्या कार्यक्रमाचा आराखडा बघा: प्रास्ताविक, परिचय, मनोगतं, मानपत्राचं वाचन, प्रमुख पाहुणे, अध्यक्षीय समारोप, आभार. तीन तास म्हणाल, म्हणजे चार. एवढा वेळ मागे पातेली कोमट होत बसणार आणि व्यासपीठावर बसलेली एकमेव व्यक्ती जिला ते नुसत्या वासावरून कळेल, ती सत्कारमूर्ती! भाषणं एकूण चाळीस मिनिटांत बसवा. नाहीतर जेवण आधी घाला आणि भाषणं नंतर. मग ती आपोआप आखूड होतील, कारण जेवून झालेले लोक थांबत नाहीत.

ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाकडे येते. ‘घरोघरी बायका करतातच’ हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. त्यांच्या स्वतःच्या घरचा सत्कार त्यांनी किती वेळा केला, हे विचारायचा मोह मी आवरते. (आवरला नाही, असं दिसतंय.) पण मुद्दा असा की घरोघरी बायका स्वयंपाक करत होत्या तेव्हाच नावाजलेल्या व्यावसायिक स्वयंपाकघरांत पुरुषांचं राज्य होतं. फ्रान्समधल्या युजेनी ब्राझिए लहानपणी शेतावर राबल्या आणि पुढे स्वतःच्या दोन रेस्टॉरंटांच्या मालकीण झाल्या. १९३३ साली त्यांच्या दोन्ही रेस्टॉरंटांना मिशेलिन या फ्रेंच रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचे प्रत्येकी तीन तारे, म्हणजे तिथला सर्वोच्च मान, मिळाले. एका वेळी सहा तारे असलेली ती पहिली व्यक्ती. पहिली बाई नव्हे, पहिली व्यक्ती.

आणि तुमच्या मैत्रिणीने नुसता स्वयंपाक केलेला नाही, तो लिहिलाय. या दोन वेगळ्या विद्या आहेत. हाताला कळतं ते शब्दांत उतरवणं किती अवघड आहे, ते एक साधा कांदा परतायची कृती लिहून बघितल्याशिवाय कळत नाही. कांदा किती? ‘एक मोठा’ म्हणजे कुणाचा मोठा? चिरायचा कसा? आच किती? ‘तांबूस होईपर्यंत’ लिहिलं तर किती वेळ? कित्येक पुस्तकांत दहा मिनिटं लिहिलेलं असतं. मंद आचेवर सगळा कांदा सारखा, खोलवर तांबूस व्हायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. दहा मिनिटं वाचून कुणीतरी आच मोठी करतं, कडा जळतात, मधला भाग कच्चा राहतो आणि तो माणूस स्वतःलाच दोष देतो की आपल्याला स्वयंपाक येत नाही. चांगली लेखिका तिथे खरी वेळ लिहिते, ग्रॅममध्ये वजन देते, ज्या क्रमाने लागणार त्याच क्रमाने साहित्य मांडते आणि आवाज कसा बदलेल, वास कधी पालटेल, हेही सांगते. कधीही न भेटलेल्या, दूरच्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात तिला शब्दांनी हजर राहायचं असतं. ज्येष्ठांना तिच्या पुस्तकाची दहा पानं वाचायला द्या. वाचनालयाचे सभासद आहेत ना ते?

बरं, वाचनालयात तिची पुस्तकं आहेत ना? नसतील तर आज मागवा. कार्यक्रमात विक्री ठेवायची असेल तर गावातल्या पुस्तकविक्रेत्याला सोबत घ्या आणि प्रकाशकाशी आधीच बोलून न खपलेल्या प्रती परत घेण्याची बोली करा. परदेशातून प्रती यायला आठवडे लागतात. सही घ्यायच्या रांगेत एक माणूस बसवा, जो प्रत्येकाचं नाव चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहून पहिल्या पानाला लावेल. नाहीतर प्रत्येकाला नाव विचारण्यातच तिची संध्याकाळ जाईल. एका प्रतीला एक मिनिट धरलं तरी शंभर प्रती म्हणजे जवळपास पावणेदोन तास. पन्नासांवर थांबवा. आणि स्मरणिकेत तिच्या कृती छापायचा बेत असेल तर लेखी परवानगी घ्या. साहित्याच्या नुसत्या यादीवर सहसा हक्क सांगता येत नाही, पण कृतीची वाक्यं, प्रस्तावना आणि फोटो तिचे, फोटोग्राफरचे किंवा प्रकाशकाचे असतात.

आता ते प्रकरण. इथे मला तुम्हाला एका इटालियन गृहस्थांची गोष्ट सांगायची आहे. पेल्लेग्रिनो आर्तुसी, जन्म १८२०, गाव फोर्लिम्पोपोली. शेफ नव्हे, व्यापारी. पण खाण्याचा आणि लिहिण्याचा षौक. फ्लॉरेन्सला जाऊन स्थायिक झाले आणि १८९१ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, स्वतःच्या पैशाने पाककृतींचं पुस्तक छापलं. हजार प्रती, ४७५ कृती. त्याच सुमारास त्यांच्या गावात धर्मादाय जत्रा होती. गावच्या मित्राने लिहिलं, तुमचं कवी फॉस्कोलोचं चरित्र बक्षिसांसाठी पाठवा. ते चरित्र संपलं होतं, म्हणून आर्तुसींनी त्याऐवजी या नव्या पुस्तकाच्या दोन प्रती पाठवल्या. ज्यांना त्या लागल्या त्यांनी पुस्तकाची टर उडवली आणि नेऊन तंबाखूवाल्याला विकल्या. म्हणजे आपल्याकडच्या रद्दीतच म्हणा.

हा अपमान आर्तुसी गिळून बसले नाहीत. पुढच्या आवृत्त्यांच्या प्रस्तावनेत त्यांनी तो खुशाल लिहून टाकला, गावाच्या नावासकट. पुस्तक वाढत वाढत ७९० कृतींवर गेलं आणि इटलीत घरोघरी पोचलं. १९११ मध्ये ते वारले तेव्हा आपली बहुतेक मालमत्ता त्यांनी कुणाला ठेवली? फोर्लिम्पोपोलीला. आज ते गाव दर जून महिन्यात त्यांच्या नावाने उत्सव करतं, १९९७ पासून, आणि २००७ पासून तिथे त्यांच्या नावाचं केंद्र उभं आहे. तंबाखूवाल्याचा किस्सा तिथले लोक झाकून ठेवत नाहीत. झाकणार कसा? पुस्तकातच आहे.

नाराज गृहस्थांना हे ऐकवा. ज्याला गावाशी देणंघेणं नसतं तो गावावर प्रकरण लिहीत नाही. एका ओळीत जन्मस्थळ सांगून पुढे जातो. मानपत्रात ते प्रकरण टाळायचंही नाही आणि त्याला उत्तरही द्यायचं नाही. ‘गावाने नेहमीच त्यांच्यातले गुण ओळखले होते’ असलं वाक्य कुणी घातलं तर खोडा. ती समोर बसून ऐकणार आहे आणि ते खोटं आहे, हे सभागृहात निदान दोघांना माहीत असेल: तिला आणि तुम्हाला.

मानपत्रात भांडी घासण्याचा उल्लेख करावा का, असा प्रश्न येईल. करा, पण ‘गरिबीवर मात करून’ या सुरात नको. मोठ्या स्वयंपाकघरांत कामाची उतरंड असते. ऑगस्त एस्कोफिए या फ्रेंच शेफने (१८४६–१९३५) ती नीट घडी घालून बसवली: प्रत्येक चुलीचा एक प्रमुख, त्याच्या हाताखाली मदतनीस. या उतरंडीत भांडी घासणारा सगळ्यात खाली. पण गर्दीच्या वेळी तो अर्धा तास जागेवर नसेल तर ताटल्या संपतात, पातेली संपतात आणि मुख्य शेफसकट सगळे हात बांधून उभे राहतात. धंद्यातली माणसं हे पक्कं ओळखून असतात. तेव्हा सरळ लिहा की त्यांनी कामाची सुरुवात या गावातल्या एका खानावळीत भांडी घासण्यापासून केली. पूर्णविराम. विशेषण नको.

मानपत्र बारा ओळींचं असू द्या. पुस्तकांची नावं दोनदा तपासा. मी स्वतः एकदा एका लेखकाच्या मानपत्रात त्याच्या पुस्तकाचं नाव चुकीचं लिहिलं होतं आणि ते फ्रेम करून त्याच्या हातात दिलं. तो सद्गृहस्थ आभार मानून गेला. ती फ्रेम त्याने कुठे ठेवली असेल याचा विचार मी अजून अधूनमधून करते. वाचणाऱ्याने घरी दोनदा मोठ्याने वाचून यावं, परकी नावं कशी उच्चारायची ते तिलाच विचारून घ्यावं. आणि मंचावर ‘त्या’ म्हणा, ‘ती’ नको. ‘आमची ही, आमच्यासमोर फ्रॉकात फिरायची’ हा लाडिकपणा पन्नाशीच्या पाहुणीला नको असतो. तिच्या वयाचा एखादा डॉक्टर आला असता तर त्याच्या हाफपँटीची आठवण कुणी काढली असती का?

लांबलचक भाषणांऐवजी अर्ध्या तासाची मुलाखत ठेवा. मुलाखत घेणाऱ्याने दोन्ही पुस्तकं वाचलेली असावीत, ही एकच पात्रता. ‘तरुण पिढीला काय संदेश द्याल’ आणि ‘घरी स्वयंपाक कोण करतं’ हे दोन प्रश्न सभागृहाच्या बाहेरच ठेवा. विचारायचंच तर असं विचारा: एखादी कृती पुस्तकात घ्यायच्या आधी किती वेळा करून बघता? कुठली कृती सोडून द्यावी लागली? त्या खानावळीतलं काय तुमच्या स्वयंपाकघरात अजून आहे? शेवटी पुस्तकातलं एखादं पान वाचायची विनंती करा. पान तिला निवडू द्या. तिने नेमकं तेच प्रकरण निवडलं, तर तुम्ही पहिल्या रांगेत बसून ऐका.

म्हणजे आपण आलो ताज्या कलमाशी.

नाही, स्टेजवर माफी मागू नका. तुमची कळकळ खरी आहे याबद्दल मला शंका नाही. पण चारशे लोकांसमोर तुम्ही गहिवरून माफी मागितलीत की तिच्यापुढे एकच रस्ता उरतो: उठून हसायचं, ‘अहो, लहान होतो आपण’ म्हणायचं आणि तुमच्या पाठीवर हात ठेवायचा. टाळ्या वाजतील, फोटो निघेल. तिला खरोखर काय वाटतं ते सांगायची सोय तुम्ही काढून घेतलेली असेल. शिवाय ते नाव, जे आज तिच्या आणि पाच-सहा जणांच्या लक्षात असेल, ते तुमच्या माइकमधून अख्ख्या गावाला नव्याने कळेल. ज्यांना माहीत नव्हतं तेही घरी जाताना पुटपुटतील.

माफी मागायची तर ती यायच्या आधी मागा, वेगळ्या पत्रात. समितीच्या लेटरहेडवर नको, निमंत्रणाच्या पत्रात तर नकोच, नाहीतर सत्कार म्हणजे भरपाई वाटेल. पाच-सहा ओळी पुरेत. आठवीत असेल, नववीत असेल, ते नाव मी ठेवलं. तुझं पुस्तक वाचलं. मी वाईट वागलो. तुला उत्तर द्यायची गरज नाही. ‘नकळत’, ‘गमतीत’, ‘तेव्हा सगळेच’, हे शब्द पत्रात आले तर कागद फाडून पुन्हा लिहा. ‘तू’ लिहा, कारण ते नाव तुम्ही ‘तू’च्या काळात ठेवलंत. तिचं उत्तर ‘तुम्ही’ने सुरू झालं तर समजून घ्या आणि पुढे तुम्हीही ‘तुम्ही’वर या. उत्तर आलंच नाही तर कार्यक्रमात तिच्या शेजारी बसायचा, तिला स्टेशनवरून आणायचा हट्ट धरू नका. हे काम समितीतल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या. खुर्च्या मोजायला माणूस लागतोच.

अजून एक काम तुम्हालाच जमेल, म्हणून सांगते. तिच्या दोन्ही पुस्तकांतलं ऋणनिर्देशाचं पान काढा. लोक ते पान उलटून पुढे जातात. तिने गावातल्या कुणाचं नाव घेतलंय का बघा. त्या खानावळीची मालकीण, तिथला आचारी, एखादी शिक्षिका, बरोबर भांडी घासणारी दुसरी मुलगी. जे हयात असतील त्यांना शोधा, घरी जाऊन बोलवा, न्यायला-आणायला गाडी करा आणि पुढच्या रांगेत बसवा. पुढच्या रांगेसाठी समितीत भांडण होईल. होऊ द्या.

भेटवस्तूचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मला माहीत आहे की कुणीतरी डावाच्या आकाराची, लाकडी ठोकळ्यावर बसवलेली, दोन किलोची पितळी ट्रॉफी सुचवणार. विमानात सामानाच्या वजनाला मर्यादा असते आणि घर आवरून जाणाऱ्या बाईकडे आधीच नेण्यासारख्या आणि टाकण्यासारख्या वस्तूंचा ढीग असणार. त्याऐवजी तुमच्या वाचनालयाच्या माळ्यावर चढा. जुनी देवघेवीची रजिस्टरं टाकून दिली नसतील, तर ती शाळेत असतानाची वर्षं काढा. ती सभासद होती का, बघा. असेल तर कोणत्या तारखेला कोणतं पुस्तक नेलं, किती दिवसांनी आणलं, पुढे तिची त्या वयातली सही, हे सगळं तिथे असेल. त्या पानांची चांगली छायाप्रत काढून साध्या फायलीत घालून द्या. मूळ रजिस्टर वाचनालयातच राहू द्या, पण त्या संध्याकाळी टेबलावर उघडं ठेवा, तिला हात लावून बघता येईल असं.

आणि एखादं पुस्तक परत केल्याची नोंद सापडली नाही, तर साठलेला विलंबशुल्काचा आकडा काढून ठेवा. मुलाखतीतला पहिला प्रश्न मिळाला.